पान उघडत आहे

"बाळ, तुझी पट्टी बघत बसलोय बघ," आप्पा फोनवर म्हणाले. आवाजात कौतुक नुसतं ओसंडून चाललं होतं.

पुण्याच्या ऑफिसात संयुक्ताने चहाचा कप खाली ठेवला. मंगळवार, सकाळचे दहा चाळीस. या वेळेला आप्पा कधी फोन करत नसत. लेक कामात असते, तिला त्रास कशाला, हे त्यांचं ठरलेलं.

"कुठली पट्टी? कुठं आहात तुम्ही?"

"आरोग्यखोलीत. सकाळी चहा घेतला आणि जरा छातीत भरून आल्यासारखं झालं. वनिता सिस्टर म्हणाली, चला, वायरी लावून बघू. लावल्या. आलेख निघाला. आता डॉक्टरांचं पान उघडतंय. बासष्ट झालंय. निळी निळी सरकतीया. मी हिला म्हटलं, ही माझ्या लेकीनं केलीय."

आता काय म्हणावं या माणसाला! छातीत भरून आलंय आणि गृहस्थ लेकीची जाहिरात करत बसलाय. पण रवळू गावडे आयुष्यभर असेच होते. एसटीत कंट्रोलर म्हणून पस्तीस वर्षं काढली, निवृत्त झाले, बायको गेली, आणि चंदगड तालुक्याच्या टोकाला आंबेखोलच्या घरात एकटे राहिले. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, तिथं मला कोण ओळखतंय? इथं निदान तुझा बाप म्हणून ओळखतात.

आंबेखोलला डॉक्टर नाही. कधीच नव्हता. तीन वर्षांपूर्वी गावात आरोग्यखोली आली. तिच्यात एक सिस्टर, एक मोठा स्क्रीन आणि एक पोलादी कपाट. छातीला वायरी लावायच्या, हृदयाचा आलेख कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे जायचा, त्याचं पान स्क्रीनवर उघडायचं. तो आलेख बघून औषध सांगणार, त्याने मात्रा लिहिली की कपाटाचं कुलूप आपोआप उघडणार. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या कपाटात असतं. वेळेत मिळालं तर माणूस चार दिवसांनी शेतावर चालत जातो. अट एकच, पान उघडायला हवं.

"वनिताला फोन द्या," संयुक्ता म्हणाली.

वनिता तिशीतली, कामाला चोख. तिने गोळी चघळायला दिली होती, प्राणवायू लावला होता, नाडी लिहून ठेवली होती. "ताई, आलेख काही बरा नाही," ती आवाज खाली आणून म्हणाली. "पण काळजी करू नका. पान येतंय. अडुसष्ट."

पान उघडेपर्यंत सरकणारी ही पट्टी म्हणजे नेमकं काय, ते इथे सांगायलाच हवं. जन्मभर तिच्याकडे टक लावून बसूनही आपल्यातल्या निम्म्यांना ते ठाऊक नसतं.

पान एकगठ्ठा येत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी येतं. आधी सांगाडा येतो. तो वाचून ब्राउझरला कळतं की अजून अमुक चित्रं मागवायची आहेत, तमुक सूचना मागवायच्या आहेत. त्या सूचना आल्या की त्यांच्यात आणखी दहा गोष्टींची मागणी निघते. लग्नाच्या पंगतीत येणारा प्रत्येक पाहुणा सांगतो, मागून आमचे चार जण येतायत, तसं. मग आचाऱ्याने किती जेवले आणि किती राहिले याचा हिशेब सांगायचा कसा? शेवटचा माणूस पानावर बसेपर्यंत एकूण किती हेच त्याला माहीत नसतं. ब्राउझरचंही तेच. तरी पट्टी टक्के दाखवतेच. ते टक्के म्हणजे अंदाज. पहिल्यापासून अंदाजच होता, फक्त तो कुणी मोठ्याने सांगितला नाही.

संयुक्ताने आठ वर्षांपूर्वी एक गोष्ट शोधून काढली. वाट पाहणाऱ्या हजारो माणसांचे डोळे तिने स्क्रीनवरच्या कॅमेऱ्यातून तपासले. तिला आढळलं, माणसाचा धीर हळूहळू झिजत नाही. तो एका क्षणी तुटतो. आणि तुटायच्या आधी साधारण अडीच सेकंद डोळे तसं सांगतात. पापण्यांची उघडझाप थांबते, नजर पट्टीवरून घसरून स्क्रीनच्या कोपऱ्याकडे जाते. नेमकी त्याच वेळी पट्टी जराशी पुढे सरकली, की माणूस पुन्हा सैल होऊन बसतो. किती सरकली याला फारसं महत्त्व नाही. अर्धा टक्कासुद्धा पुरतो.

यावरून तिने 'सोबत' तयार केली. सोबत तुकडे मोजते, पण त्याहून जास्त ती बघणाऱ्याचे डोळे मोजते. कुणी बघत असेल तोवर ती थांबत नाही, कधी मागे येत नाही, आणि पान आल्याशिवाय शंभरावर जात नाही. दोन वर्षांत देशातल्या जवळजवळ प्रत्येक स्क्रीनवर ती निळी पट्टी सरकू लागली.

सुरुवातीला तिच्यात आणखी एक नियम होता. तीन मिनिटं एकही तुकडा आला नाही, तर पट्टी जाऊन तिथे शब्द यायचे, 'पान येत नाही'. हा नियम शेजारच्या टेबलावरच्या फिरोज मुजावरने भांडून घालून घेतला होता. मग आरोग्यखोल्या आल्या. डोंगरात लाइन जायची आणि यायची. पान सातव्या मिनिटाला उघडायचं, पण तिसऱ्या मिनिटाला ते शब्द वाचून माणसं उठून घरी जायची. एका खेड्यातली म्हातारी अशीच उठून गेली आणि संध्याकाळी वारली. पान तिच्या पाठोपाठ चार मिनिटांत आलं होतं. ते कळल्यावर संयुक्ता दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने तो नियम आरोग्यखोल्यांपुरता काढून टाकला. लाइन तुटली तरी पट्टीने सांगायचं नाही, मागच्या मागे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहायचं. माणसं थांबली तर वाचतील.

आणि वाचली की हो! शेकडो वाचली. तिला पुरस्कार मिळाला, पेपरात फोटो आला, आणि आप्पांनी ते कात्रण लॅमिनेट करून गावभर दाखवलं.

"फिरोज, आंबेखोल काढ," ती म्हणाली.

फिरोजने भिंतीवरच्या पडद्यावर आंबेखोलची नोंद काढली. कुठल्या पानाचे किती तुकडे खरोखर पोचले, ते इथे दिसत असे. त्याने वाचलं आणि तिच्याकडे वळून बघितलं. बावन्नपैकी सहा. सहावा तुकडा दहा एकोणतीसला गेला होता. त्यानंतर काही नाही. सतरा मिनिटं सगळं मुकं होतं.

"आप्पा, किती झालं आता?"

"एकोणऐंशी," आप्पा खुशीत म्हणाले.

फिरोजने एव्हाना नेटवर्कवाल्यांना फोन लावला होता. रस्ता रुंद करताना केबल तुटली होती. माणसं निघाली आहेत, चार तास तरी धरा, असं उत्तर मिळालं. बोलण्याचा टॉवर तेवढा डोंगरापलीकडचा, वेगळा होता, म्हणून आप्पांचा आवाज येत होता. इंटरनेट ठप्प होतं.

"तिथली पट्टी बंद कर. जुना नियम परत पाठव," ती फिरोजला म्हणाली.

"कशावरून पाठवू?" फिरोज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "लाइनच नाही. पट्टी त्या स्क्रीनच्या पोटात बसलीय, संयुक्ता. चालायला तिला आपण लागत नाही. तूच तशी केलीस."

तरी त्याने पाठवून बघितलं. पाचदा पाठवलं. पाचही वेळा परत आलं.

ती पुन्हा फोनवर आली. तिकडे वनिताने तो आता स्पीकरवर टाकला होता. "वनिता, नीट ऐक. पान येणार नाही. केबल तुटलीय. आप्पांना आत्ताच्या आत्ता बेळगावला हलव."

"ताई, चौऱ्याऐंशी झालंय."

"ते खरं नाही."

"म्हणजे?" वनिता गोंधळली. "ताई, बेळगाव सव्वा तास. रस्ता खोदलेला. अ‍ॅम्ब्युलन्स तिकडं पारगडला गेलीय बाळंतिणीला घेऊन. आणि इथं अजून दोन मिनिटांत इंजेक्शन मिळत असताना मी यांना गाडीत घालू? मध्येच सोडलं तर डॉक्टरांच्या रांगेतला नंबर जातो. परत शेवटून."

"कपाट फोड."

"फोडीन की. पण देऊ किती? आलेख बघितल्याशिवाय कुणी डॉक्टर फोनवर मात्रा सांगत नाही, ती त्या पानावरच येते. जास्त झाली तर डोक्यात रक्तस्राव होतो, आम्हाला शिकवलंय तसं."

तिचं एक अक्षरही चूक नव्हतं. पट्टी खरी असती तर थांबणं हाच शहाणपणा होता. संयुक्ता तिला सांगत राहिली, विनवत राहिली. शेवटी वनिताच्या आवाजात शंका आली. "बरं," ती म्हणाली, "मारुती नाईकांची जीप दारात आहे. त्यांना हाक मारते." खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग, "ताई, थांबा. हललं बघा. एकदम सात टक्के. एक्क्याण्णव." आणि खुर्ची परत सरकली.

काय झालं ते संयुक्ताला क्षणात कळलं. वनिता उठायला निघाली, उठता उठता तिने पट्टीकडे पाहिलं, आणि कॅमेऱ्याला तिचा तुटणारा धीर दिसला. मग सोबतने तेच केलं, जे करायला संयुक्ताने तिला शिकवलं होतं. म्हणजे ती इथून जितकं जीव तोडून सांगणार, तितकी तिकडे पट्टी सरकणार. तिचे शब्दच पट्टीला पुढे ढकलत होते. देवा, हे काय करून ठेवलं मी, असं ती खरोखर मोठ्याने म्हणाली. फिरोजने मान खाली घातली.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही उठा. वनिताचं ऐकू नका. माझं ऐका."

"अगं, नऊच राहिलेत की."

"आप्पा, ती पट्टी खोटं सांगते. मी ती तशीच केलीय. लोकांनी उठून जाऊ नये म्हणून ती सरकते. आत काही येत नाहीय."

पलीकडे आप्पा हसले. हसताना त्यांना धाप लागली. "खुळी का काय तू! घाबरलीस. बाप आजारी म्हटल्यावर पोरीचं डोकं चालत नाही, साहजिक आहे. तू काय खोटं करशील? तुला लहानपणापासनं बघतोय मी. बस तू गप. हे बघ, ब्याण्णव."

"आप्पा, मी सांगतेय ना!"

"आणि मी बघतोय ना," आप्पा म्हणाले.

आता याला काय करायचं? लेकीवर विश्वास नव्हता असं कसं म्हणणार? होता, पर्वताएवढा होता. पण तो तिच्या बोलण्यावर नव्हता, तिच्या कामावर होता. तिने घाबरून काहीही बोलावं, तिची पट्टी काही घाबरत नव्हती. संयुक्ताला रडू फुटलं. फोनवर आप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली.

तेवढ्यात तिला सुचलं. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

"वनिता, तू म्हणतेस ना पान येतंय? मग एक कर. उठ. पिशवी उचल. दाराकडं जा, आणि जाताना पट्टीकडं बघ."

थोडा वेळ गेला. "पंच्याण्णव झालं, ताई."

"आता परत ये. खुर्चीत निवांत बस. आप्पांना म्हणावं, डोळे मिटा. तूही खाली बघ. मिनिटभर."

मिनिट गेलं. "जेमतेम हललीय. पाव असेल."

"परत उठ. दाराकडं जा."

"शहाण्णव."

"परत बस."

"नाही हलत."

"उठ."

वनिताने फोन बहुतेक छातीशी धरला असावा, कारण तिचा श्वास मोठा ऐकू येत होता. "ताई, म्हणजे ही आमच्याकडं बघतीया?"

"हो."

"मग पान?"

"पान नाहीच, वनिता. मघापासून नाही."

वनिता एक शब्दही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती मारुती नाईकांना हाका मारत बाहेर पळाली. फोन खाटेवर पडला होता. त्यातून आप्पांचा आवाज आला, आणि तो आवाज आता वेगळाच होता, सगळं कौतुक त्यातून निघून गेलं होतं.

"संयुक्ता," ते म्हणाले. बाळ म्हणाले नाहीत. "मग इतकी वर्षं लोक बसायचे ते?"

"बहुतेक वेळा पान यायचं, आप्पा."

"बहुतेक," आप्पा म्हणाले. मग त्यांनी कण्हत पाय खाली घेतले, ते तिला ऐकू आलं.

जीप सुटली तेव्हा अकरा एकवीस झाले होते. बावन्न मिनिटं गेली होती. पट्टी सुरू झाली तेव्हाच निघाले असते, तर एव्हाना बेळगाव वीस-बावीस मिनिटांवर आलं असतं. संयुक्ताने बेळगावच्या इस्पितळाला कळवलं, तिथला माणूस दारात स्ट्रेचर घेऊन उभा राहतो म्हणाला. याहून जास्त तिच्या हातात काही नव्हतं. वनिताने फोन स्पीकरवर ठेवून आप्पांच्या उशाशी ठेवला होता. खड्ड्यांचा आवाज येत होता. फिरोज शेजारी खुर्ची घेऊन बसला होता.

"किती राहिलं?" आप्पांनी विचारलं.

आज आता एकही खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. "अजून तासभर, आप्पा. धीर धरा."

"तास?" आप्पा दचकले. "एवढं नाही व्हायचं माझ्यानं. मारुती, गाडी फिरव. तिथं शहाण्णव होतं. आतापर्यंत आलं असेल. फिरव म्हणतो ना."

"आप्पा, उठू नका," वनिता ओरडली. "ताई, उठायला बघतायत. यांना झोपून राहायला सांगा. असं उठले तर इथंच जातील. ताई, काहीतरी सांगा."

संयुक्ताने डोळे मिटले.

"चुकलं माझं, आप्पा," ती म्हणाली. "नकाशा नीट बघितला नव्हता. वीसच मिनिटं राहिलीत."

"वीस कशी?" सगळी हयात ज्याने त्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेळा लावल्या, तो माणूस होता तो. "अजून नागनवाडी तरी आली का?"

"गेली मघाच. तुमचा डोळा लागला होता. मारुतीकाका जोरात आहेत."

वनिता यावर काही बोलली नाही. मारुती नाईकही बोलले नाहीत. आप्पा परत आडवे झाले, श्वास थोडा संथ झाला.

मग ती ऐकत बसली. फोन कानाशी घट्ट दाबून नुसता श्वास ऐकत बसली. मिनिटं जात होती. श्वास पुन्हा भराभर चालू लागला, आता उठणार असं वाटलं, तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पंधरा, आप्पा." श्वास खाली बसला.

"ताई, आत्ता पाटणे फाटा," वनिता अगदी हळू म्हणाली. तिथून पुढे चांगला पाऊण तास होता.

"बारा," संयुक्ता म्हणाली.

"हां," आप्पा म्हणाले. त्यांनी हिशेब विचारला नाही. पाटणे फाट्याचं वळण त्यांच्या अंगाला कळलं नसेल असं कसं म्हणावं? त्यांना कळलंही असेल. पण त्यांनी चूक काढली नाही.

श्वास वाढला की ती आकडा खाली आणत होती. नऊ म्हणाली. मग सात. एकदा श्वास फार लवकर वाढला, तर घाईने साडेसहा म्हणाली. फिरोज उठला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. तिला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. तिचं सगळं लक्ष त्या एका आवाजावर होतं, आणि तो आवाज आता वाढत नव्हता, विरळ होत चालला होता.

"पाच, आप्पा. आलंच."

पलीकडून उत्तर आलं नाही. वनिता त्यांना हाका मारू लागली, मग छाती दाबताना मोजतात तसं मोजू लागली. बराच वेळ मोजत होती. मग मोजणं थांबलं. ती मारुती नाईकांना काहीतरी म्हणाली. खड्ड्यांचा आवाज मंदावला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

"ताई," वनिता म्हणाली.

"तीनच राहिलीत, आप्पा," संयुक्ता म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "दोन."